मल्हारगंजातली सोळा पानं

इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी इंदूरहून घेऊन आले आहे. ते शेवटी लिहिणार आहे, कारण मलाही ते शेवटीच मिळालं. अनय, तुला शेवटचं पान आधी वाचायची सवय आहे. या वेळी आजीसाठी थांब.

तुमचे आईबाबाही हे वाचतील, म्हणून थोडक्यात मागचं सांगते. दर रविवारी मी तुम्हाला फोनवर निवळीकरांची ‘नर्मदापार’ ही कादंबरी वाचून दाखवते. तिचा नायक सुभानजी मराठी फौजेतला जासूद, म्हणजे निरोप पोचवणारा स्वार. त्याची घोडी लवंगी. आपण जिथे थांबलो तिथे नर्मदेला पूर आहे, लवंगीच्या पाठीत गोळी आहे, मागे शत्रूचे घोडे आहेत आणि सुभानजीनं पाण्यात पाय टाकला आहे. तेव्हा इरानं विचारलं, “आजी, लवंगी मरते का?” मी म्हटलं, नेटवर्क नीट नाही. नेटवर्क उत्तम होतं. पुढची सोळा पानं मला पाठ आहेत आणि ती तुम्हाला वाचून दाखवायचा धीर मला होत नव्हता.

अशात कळलं की इंदूरच्या मराठी वाचकांनी निवळीकरांचा सत्कार ठेवला आहे. ते आता फार थकले आहेत, कुठे जात नाहीत, पण इंदूरला येणार आहेत. मी ठरवलं, आपण जायचं आणि त्यांना समोरासमोर विचारायचं: लवंगीला का मारलंत?

मला हे विचारायचा थोडा हक्क आहे असं मी समजते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं. वडिलांची बदलीची नोकरी, त्यामुळे मराठी फक्त जेवणाच्या टेबलावर. निवळीकरांचं पहिलं पुस्तक मी ओळीखाली बोट ठेवून, अडखळत वाचलं, कारण सुभानजी पकडला जातो की नाही हे कळल्याशिवाय घास उतरत नव्हता. पुस्तक संपेपर्यंत बोट सुटलं होतं. मराठी वाचायला मला कोणा बाईंनी शिकवलं नाही, एका जासुदानं शिकवलं.

शुक्रवार, मल्हारगंज

प्रवास नेहमीसारखाच, त्यात सांगण्यासारखं काही नाही. उतरायचं होतं ते पागनीसांकडे. मालतीताई आणि श्रीकांतभाऊ पागनीस हे सत्कार करणाऱ्या मंडळाचे जुने सभासद. ओळख फोनवरचीच. घर मल्हारगंजाच्या एका अरुंद गल्लीत, खाली उदबत्तीचं दुकान. त्यामुळे जिन्यावर चंदन, पहिल्या मजल्यावर मोगरा आणि स्वयंपाकघरात फोडणी, असे वास क्रमानं लागतात.

“अरे वहिनीजी, बॅग सोडा ना!” श्रीकांतभाऊ जिन्यावरून ओरडत खाली आले. पांढऱ्या मिशा, गळ्यात मफलर. “पाहुणा बॅग उचलून राहिला आणि मी बघून राहिलो, तर मोहल्ल्यात काय इज्जत राहील माझी?”

“आधी त्यांना वर तर येऊ द्या,” वरून मालतीताई म्हणाल्या. “आणि सुधाताई, यांच्याशी आत्ता काही बोलू नका. पोह्यांच्या आधी हे धड बोलतच नाहीत.”

आपल्या नाशिकला पोहे म्हणजे पाहुणे आले की करायची गोष्ट. इथे रोज सकाळी सगळं गाव पोहे खातं. वाफेवरचे मऊ पोहे, वरून बारीक शेव, कच्चा कांदा आणि जिरावण नावाचा आंबट-तिखट मसाला. सोबत जिलबी. पोह्यांबरोबर जिलबी म्हटल्यावर मी मनात नाक मुरडलं होतं. तिसरी जिलबी घेताना ते मनातल्या मनात परत घेतलं.

पागनीसांचे पूर्वज संस्थानच्या पागेवर हिशेब लिहीत. पागा म्हणजे घोड्यांचा तबेला. त्यामुळे गल्लीत अजून समजूत अशी की घोड्यांबद्दल पागनीसांना सगळं कळतं. पोहे झाल्यावर श्रीकांतभाऊंनी मला मंडळाची पद्धत सांगितली.

“पुण्याहून निवळीकर साहेबांची एकच कॉपी यायची. वाचणारी अख्खी गल्ली. थांबणार कोण? मग आमचे वडील ब्लेड घ्यायचे.”

“ब्लेड कशाला?”

“शिलाई कापायला! पुस्तक म्हणजे काय हो, सोळा-सोळा पानांचे फर्मे शिवलेले. ते सुटे करायचे. रोज एक फर्मा एका घरातून दुसऱ्या घरात. वर्षाच्या शेवटी परत शिवून घ्यायचे.”

तुम्हाला माहीत आहे, मी पुस्तकाला खाकी कव्हर घालते आणि पानाचा कोपरा दुमडणाऱ्याशी दिवसभर बोलत नाही.

“नियम एकदम सख्त,” भाऊ म्हणाले. “तेलाचा हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी फर्मा पुढच्या घरी. आणि हरवला, तर ज्याच्या घरात हरवला त्यानं पुढच्या घरी जाऊन तोंडी सांगायचा. संपूर्ण. बसून.”

“असं कधी झालं?”

“एकदाच.” भाऊ मिशीत हसले आणि त्यांनी बायकोकडे बोट केलं. “ही बघा मुजरिम! लग्नाला महिना नव्हता झाला. ‘नर्मदापार’चा फर्मा हिच्याकडून गेला. पण वहिनीजी, काय सांगितला! लोक हिलाच घरी बोलवायला लागले. आजही दर वर्षी मंडळात सांगते. रविवारी खुद्द साहेबांच्या समोर सांगणार आहे. प्रोग्रामची असली चीज तीच!”

“कुठला फर्मा?” मी विचारलं.

“नदीचाच. लवंगी पोहून पार होते, तो.”

मी चमचा खाली ठेवला. “पार होते?”

मालतीताई घाईनं उठल्या. “जिलबी आणते,” म्हणाल्या आणि आत गेल्या. जिलबी टेबलावरच होती.

शनिवार, सियागंज

सकाळी मालतीताई मला सियागंजात घेऊन गेल्या. हा इथला घाऊक बाजार. हातगाड्या, हमाल, मिरचीची पोती, आणि तरीही जमिनीवर कागदाचा कपटा नाही. माझ्या पर्समधून बसचं तिकीट पडलं, तर एका भाजीवालीनं ते उचलून माझ्या हातात दिलं आणि “माताजी, डब्बा उधर है” असं इतक्या गोड आवाजात सांगितलं की मला शाळेत उभं केल्यासारखं वाटलं. असं शहर मला फार आवडतं.

मसाल्याच्या दुकानात जिरावण तोलून होत असताना मालतीताईंनी माझ्याकडे न बघता विचारलं, “सुधाताई, तुमच्या बॅगेत ते पुस्तक आहे ना? अख्खं?”

“आहे. सही घ्यायला आणलंय.”

“त्यात ती मरते?”

मला खोटं बोलता आलं नाही. “मरते.”

“भैया, थोडा और डालो,” त्या दुकानदाराला म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “मला वाटलंच होतं.”

तिथेच, मिरच्यांच्या पोत्यांशेजारी उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. फर्म्याचं पहिलं घर पागनीसांचंच, आणि तो हरवला तो वाचून झाल्यावर नाही, कोणीच वाचायच्या आधी. सासूबाईंनी तो चुकून रद्दीत दिला. श्रीकांतभाऊंनी तेव्हा याच बाजारात दुकानादुकानांतून पुड्यांचे कागद तपासले आणि हिंगाच्या पुडीवरून भूमितीचं एक पान घेऊन आले. दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे पलीकडच्या घरच्या आजींपुढे जाऊन बसायचं.

“मला पुढे काय आहे तेच माहीत नव्हतं हो! पण नव्या सुनेनं पहिल्याच महिन्यात कसं सांगायचं, की सासूबाईंनी रद्दीत दिला आणि मी वाचलाही नाही? आजी म्हणाल्या, ‘हां बेटा, मग काय झालं?’ मी म्हटलं, ‘मग... लवंगी पोहायला लागली.’”

“आणि भाऊंना?”

“माहीत नाही. त्यांना वाटतं माझी स्मरणशक्ती कमाल आहे. सगळ्यांना सांगतात.”

पुढे ती कादंबरी मिळेनाशी झाली. मंडळाच्या प्रतीत त्या फर्म्याच्या जागी अजूनही कोरे कागद शिवलेले आहेत. आणि उद्या ज्यांचं पुस्तक, त्यांच्याच समोर, शंभर माणसांत, मालतीताई त्यांचं नसलेलं त्यांना ऐकवणार होत्या.

मी तुमची आजी, त्यामुळे लगेच उपाय काढला. घरी जायचं, माझ्या प्रतीतली सोळा पानं वाचायची आणि उद्या खरी सांगायची. सरळ हिशेब. त्यांनी मान हलवली. दुपारी पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेल्या.

चहाच्या वेळी बाहेर आल्या. मी खूण म्हणून ठेवलेली रेशमी फीत जिथल्या तिथे होती.

“नाही वाचलं,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्षं मी तिला पार नेली. आता उद्या उठून बुडवू? पलीकडच्या आजी आजारी होत्या तेव्हा मला बोलावून घ्यायच्या. डोळे मिटून पडायच्या. म्हणायच्या, ‘लवंगी काठाला लागली की सांग.’ त्यांना काय, मी फसवलं म्हणू?”

“आणि निवळीकरच म्हणाले, की हे माझं नाही?”

“म्हणतील. मला त्याचं काही नाही.” त्यांनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. तिथे भाऊ फोनवर कोणाला तरी इंदुरी थाटात सांगत होते, “अरे भिया, एक शब्द इकडचा तिकडे नाही होत तिचा!”

“यांच्यासमोर म्हणतील,” मालतीताई हळू म्हणाल्या.

संध्याकाळी आम्ही गराडू खाल्ले. आपल्या कोनफळासारखा कंद, तुपात तळून वर लिंबू आणि पुन्हा जिरावण. भाऊंनी सगळ्यांत जास्त खाल्ले. आम्ही दोघींनी नुसते चिवडले.

रविवार, सभागृह

कार्यक्रमाची व्यवस्था सोनल देवरेकडे होती. ही जळगावची मुलगी, भंवरकुआं या इथल्या भागात एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते. तिनं उत्साहाच्या भरात साहेबांसाठी घोडी आणवली होती. लग्नात नवरदेव बसतो तशी, पांढरी, कपाळावर झिरमिळ्या, पाठीवर मखमल.

निवळीकर रिक्षातून उतरले. बारीक अंगाचे, कानटोपी घातलेले. त्यांनी घोडी पाहिली आणि परत रिक्षात जाऊन बसले.

“सर, फक्त दारापर्यंत,” सोनल म्हणाली.

“बाई, मी जन्मभर पाटबंधारे खात्यात होतो. नद्या मोजल्या. घोड्याला मी आजपर्यंत हात लावलेला नाही.”

“सर, तुम्ही एवढी पुस्तकं...”

“म्हणूनच लिहिली. लांबून.”

शेवटी घोडी पुढे आणि सुभानजीचे जनक मागे, तेही चांगलं अंतर राखून, असे सगळे सभागृहाच्या दारापर्यंत गेलो. घोडीवाल्याला आमचं कोणाचंच काही कळलं नाही, पण त्यानं सवयीनं “दूल्हा कहाँ है?” विचारलंच.

सभागृह भरलेलं होतं. एकेक वाचक उठून बोलला. कोणी भाषण केलं नाही. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, “साहेब, तुमचा सुभानजी कधी लढाई जिंकत नाही. तो फक्त वेळेवर पोचतो. मी रोज थैली घेऊन निघायचो तेव्हा मला ते फार बरं वाटायचं.” एक बाई म्हणाल्या की त्यांच्या मुलांना मराठी बोलायची लाज वाटायची, पण भांडताना दोघंही सुभानजीच्या शिव्या देत, त्यामुळे भाषा टिकली. निवळीकर लहान मुलासारखे लाजत होते.

मग सोनलनं जाहीर केलं, “आता तोंडी फर्मा.”

मालतीताई खुर्चीवर बसल्या. नियमाप्रमाणे, बसून. पहिलं वाक्य इतकं हळू आलं की मागून कोणी तरी “आवाज!” ओरडलं. मग त्या सांगत गेल्या. सुभानजीनं खोगीर उतरवून स्वतःच्या डोक्यावर बांधलं. लवंगीची शेपटी मुठीत घेतली. पाणी तिच्या नाकपुड्यांपर्यंत आलं. ती हुंकारायची, आणि दर वेळी ती दमली की सुभानजी तिला म्हणायचा... इथे मालतीताई थांबल्या, आणि सगळं सभागृह एका आवाजात म्हणालं, “चल गं बाई, काठ आला!”

काठ अजून फार लांब होता. पण प्रत्येक वेळी सगळे तेच म्हणाले. तिसऱ्या वेळी मीही म्हटलं. मला पुस्तकातली पानं पाठ आहेत हे मी तोवर विसरले होते.

निवळीकरांकडे मी चोरून बघत होते. आधी ते सोनलकडे वाकून काही तरी विचारत होते. मग त्यांनी चष्मा काढला आणि नुसते ऐकत बसले. पहाटे पलीकडच्या चिखलात लवंगी उभी राहिली, अंग झटकलं, आणि टाळ्या थांबेनात. त्या थांबल्यावर त्यांनी माईक मागितला.

“हा फर्मा कोणी लिहिला?”

पहिल्या रांगेतून श्रीकांतभाऊ छाती काढून म्हणाले, “अहो, आपणच की साहेब! हिनं फक्त पाठ केलाय.”

मालतीताई उभ्या राहिल्या, भाऊंकडे बघितलं, आणि म्हणाल्या, “नाही. साहेबांचा फर्मा रद्दीत गेला होता. मी वाचलाच नव्हता. हा माझा आहे.”

भाऊंची छाती तिथेच आत गेली.

निवळीकरांनी चष्मा परत घातला. मग विचारलं, “घोडी पोहताना अशी हुंकारते?”

“माहीत नाही. म्हैस हुंकारते,” मालतीताई म्हणाल्या. “माझं माहेर नर्मदेकाठचं. आम्ही म्हशीची शेपटी धरून पलीकडे जायचो. घोडी मी पाण्यात कधी बघितली नाही.”

“मी तर जमिनीवरची आजच बघितली,” निवळीकर म्हणाले, आणि सभागृह असं हसलं की बाहेरची घोडी खिंकाळली. मग ते जरा पुढे झुकले. “पण बाई, त्याच्या पुढच्याच पानावर सुभानजी खोगीर खांद्यावर घेऊन चालत जातो. ते मी लिहिलंय. घोडी जिवंत आहे, तर तो चालतो का?”

“तिच्या पाठीला जखम नाही का? जखमेवर कोणी खोगीर घालतं? तो तिच्या बाजूनं चालतोय.”

निवळीकरांनी माईक खाली ठेवला, पुन्हा उचलला. मी न विचारताच माझ्या प्रश्नाचं उत्तर आलं.

“मी ती मारली, कारण तिला पार कशी न्यायची ते मला येत नव्हतं. पुराचा वेग मला काढता येत होता. त्या वेगात घोडी काय करते, ते नाही. कोणाला विचारायची लाज वाटली. आठवडाभर तिला काठावर उभी ठेवली आणि मग मारून मोकळा झालो. खोगीर तेवढं टाकवलं नाही, म्हणून त्याच्या खांद्यावर दिलं.” त्यांनी मालतीताईंना हात जोडले. “तुम्ही ते खोगीर वाया जाऊ दिलं नाहीत.”

आता सगळे भाऊंकडे बघायला लागले. ते गळ्यातला मफलर सोडत होते. मला क्षणभर भीती वाटली.

“मला पण नाही सांगितलं?” ते बायकोला म्हणाले.

“तुम्ही कधी विचारलंत?”

भाऊ उभे राहिले आणि सभेकडे वळले. “अरे भिया! घरात रायटर बसलेली आहे आणि मी पुण्याहून पुस्तकं मागवून राहिलो!”

सोमवार, पुन्हा मल्हारगंज

निवळीकरांची सही मला मिळाली, पहिल्या पानावर, तुम्हा दोघांच्या नावानं. नाव घालताना त्यांनी इराचं वय विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “मग तिला आधी मालतीबाईंची गोष्ट सांगा. माझी नंतर.”

निघायच्या दिवशी पोहे झाल्यावर मालतीताई माझ्या पुस्तकाच्या खाकी कव्हरवरून हात फिरवत बसल्या.

“आता मला वाचावंसं वाटतंय,” म्हणाल्या. “आता वाचलं तरी चालेल. तुमची गाडी किती वाजता?”

गाडीला वेळ नव्हता. पुस्तक ठेवून यावं, तर सही तुमच्या नावाची. मी घड्याळाकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. मग मी, पानाचा कोपरा न दुमडणारी बाई, म्हणाले, “भाऊ, तुमच्या वडिलांचं ब्लेड आहे का?”

भाऊ धावत गेले. कुठला टाका आधी कापायचा ते त्यांनी बोटानं दाखवलं. सोळा पानं अगदी अलगद निघून आली. मालतीताईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, आधी हात पदराला पुसून. मी गल्लीच्या वळणावरून मागे पाहिलं, तेव्हा त्या खिडकीत बसून वाचत होत्या. श्रीकांतभाऊ वाकून खांद्यावरून बघत होते आणि बहुतेक घाई करत होते, कारण त्यांनी एक चापट खाल्ली.

तर इरा, तुझं उत्तर. पुस्तकात लवंगी मरते. ती सोळा पानं आता इंदूरला मल्हारगंजात आहेत, उदबत्तीच्या दुकानावर. मोठी झालीस की जाऊन वाच, पोहे मिळतील. आपल्या घरच्या प्रतीत मात्र तो फर्मा नाही. तो माझ्याकडून गेला आहे आणि नियम सख्त आहे. ज्याच्या घरातून गेला, त्यानं तोंडी सांगायचा. संपूर्ण. बसून.

म्हणून या रविवारी पुस्तक नाही. मी खुर्ची खिडकीशी घेऊन बसेन. सुभानजीनं पाण्यात पाय टाकला आहे, खोगीर डोक्यावर बांधलं आहे, लवंगीची शेपटी मुठीत आहे. काठ फार लांब आहे. मी थांबले, की तुम्ही दोघांनी तिकडून मोठ्यानं म्हणायचं. काय म्हणायचं, ते आता तुम्हाला माहीत आहे.